सायकल तुझी, उत्तरही तुझंच असू दे

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, आयल्ट्सच्या इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत सायकलवर विचारतात म्हणे. मी काय बोलणार? माझी तर शाळेतून मिळालेली साधी सायकल." तेव्हापासून ते माझ्या मनात घोळतंय. म्हणून आज लिहायलाच बसले.

आधी परीक्षा कशी चालते ते समजून घे, अर्धी भीती तिथेच जाईल. समोर एक परीक्षक असतात, बोलणं रेकॉर्ड होतं, सगळं मिळून 11 ते 14 मिनिटं. पहिली चार-पाच मिनिटं घर, गाव, शिक्षण, रोजच्या सवयी. सायकल बहुधा इथेच येते: तुझ्याकडे सायकल आहे का, लहानपणी चालवायचीस का, तुझ्या गावात लोक सायकल वापरतात का. मग एक कार्ड मिळतं. विचार करायला एक मिनिट, टिपणाला कागद-पेन्सिल, आणि पुढे दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं. शेवटी त्याच विषयावर जरा खोलातली चर्चा. गुण चार गोष्टींना, सारख्या वाटणीने: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. सायकल महागडी की साधी, याला एकही गुण नाही.

मी पहिल्यांदा बसले तेव्हा एका क्लासने पाठ करून घेतलेलं उत्तर घेऊन गेले होते. सायकलने प्रदूषण होत नाही, तब्येत चांगली राहते, पैसे वाचतात, असं घडाघडा म्हणून टाकलं. परीक्षकांनी मध्येच थांबवून विचारलं, "तुम्ही सायकल शिकलात कशी?" आणि मी गप्प. काकांच्या उंच सायकलवर कैंची मारत, गुडघे फोडून घेत शिकलेली मी, आणि मला त्यावर एक वाक्य सुचेना. दुसऱ्याचे शब्द इतके घोकले होते की माझी आठवण जिभेवर यायला जागाच उरली नव्हती. पाठ केलेलं उत्तर परीक्षकांना लगेच ओळखू येतं, आणि त्याने गुण वाढत नाहीत, उलट कमी होऊ शकतात. ही चूक तू करू नकोस.

आता तुझ्याजवळ काय आहे ते बघ. तू सोनकच्छची. कालीसिंध नदीचा काठ, इंदूर-भोपाळ रस्त्यावरची वर्दळ, दोन्हीकडे सोयाबीनची शेतं. पावसाळ्यात आपल्या माळव्याची काळी माती मडगार्डमध्ये अशी घट्ट बसते की चाक फिरतच नाही. मग काटकीने ती खरवडत रस्त्यात उभं राहायचं, आणि शाळेची घंटा तर होऊन गेलेली. हे इंग्रजीत तीन छोट्या वाक्यांत सांग. असं उत्तर कुठल्याही गाइडमध्ये सापडणार नाही, आणि ते खरं असल्यामुळे तू अडखळणारही नाहीस.

शब्दांचं मात्र नीट ऐक, कारण आपण नेमके इथे फसतो. आपल्याकडे 'बाइक' म्हणजे मोटरसायकल. इंग्रजांच्या बोलण्यात 'बाइक' म्हणजे बहुतेक वेळा साधी सायकल, आणि आपल्या बाइकला ते 'मोटरबाइक' म्हणतात. "डू यू हॅव अ बाइक?" असं विचारलं की दादाच्या गाडीबद्दल सांगायला लागू नकोस. शंका आली तर सरळ विचार, "डू यू मीन अ बायसिकल?" विचारल्याने गुण जात नाहीत. उच्चारही गंमतशीर आहे: 'मोटरसायकल'मध्ये 'सायकल', पण 'बायसिकल'मध्ये 'सिकल', आणि जोर पहिल्या 'बाय'वर. 'बाय-सायकल' म्हणू नकोस.

सायकल 'ड्राइव्ह' करत नाहीत, 'राइड' करतात. "आय ॲम हॅविंग अ सायकल" नको, "आय हॅव अ बाइक" म्हण. चेन उतरली तर "द चेन केम ऑफ", पडलीस तर "आय फेल ऑफ". लहानपणीची सवय सांगताना "आय यूज्ड टू राइड". आणि डबलसीट हा शब्द त्यांना कळणार नाही. मैत्रीण मागे बसायची, असं साधं सांग: "माय फ्रेंड सॅट ऑन द बॅक". एवढी पाच-सहा वाक्यं तोंडात बसली की सायकलवर मोकळेपणाने बोलता येतं.

पहिल्या भागात नुसतं 'येस' किंवा 'नो' म्हणून थांबू नकोस. उत्तर दे, कारण सांग, एक छोटी आठवण जोड आणि थांब. दुसऱ्या भागातल्या त्या एका मिनिटात पूर्ण वाक्यं लिहीत बसू नकोस. चारच मुद्दे लिही: कधी मिळाली, कुठे जायचे, काय घडलं, आज काय वाटतं. त्या चार खुंट्यांवर तुझी दोन मिनिटं आरामात टांगली जातील.

तिसऱ्या भागाला तू सगळ्यात जास्त घाबरतेस ना? सरकारने लोकांना सायकली द्याव्यात का, असं विचारलं तर उत्तर तुझ्या घराच्या पडवीत उभं आहे. मध्य प्रदेशात गावात शाळा नसल्यामुळे दोन किलोमीटरहून लांब दुसऱ्या गावी जाणाऱ्या, सरकारी शाळेतल्या सहावी आणि नववीच्या मुलामुलींना सायकल मिळते. तुला मिळाली ती तशीच. बिहारने 2006 साली नववीच्या मुलींसाठी अशीच योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. त्या वयाच्या मुलींचं माध्यमिक शाळेत दाखल होण्याचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं, आणि मुलं-मुली यांच्यातली तफावत 40 टक्क्यांनी घटली, असं त्यांना आढळलं. आकडे आठवले नाहीत तरी चालेल. "सायकल नसती तर आठवीनंतर माझी शाळा सुटली असती" हे वाक्य तू घरात कितीदा बोलली आहेस. तेच इंग्रजीत बोल. तेच तुझं मत, आणि तोच तुझा दाखला.

उच्चार गोऱ्या माणसासारखे करायच्या फंदात पडू नकोस. आपला मराठी-हिंदी वळणाचा आवाज चालतो, शब्द मात्र स्पष्ट कळायला हवेत. रोज संध्याकाळी मोबाइलवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड कर आणि स्वतःच ऐक. पहिले दोन दिवस स्वतःचा आवाज नकोसा वाटेल. ऐकणं सोडू नकोस. कुठे अडतेस ते वहीत लिही आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच सुधार. एका वेळी एकच चूक.

बाळा, घरात मराठी, बाजारात हिंदी, अशा दोन भाषा तू कुणी न शिकवता उचलल्यास. तिसरीही येईल. इंदूरला परीक्षेला जाशील तेव्हा पाठ केलेले कागद घरी ठेवून जा. आदल्या दिवशी मात्र त्या जुन्या सायकलवरून कालीसिंधच्या पुलापर्यंत एक चक्कर मारून ये, आणि वाटेत जे दिसेल ते मनात इंग्रजीत सांगत जा. रात्री मला फोन कर. पहिलं उत्तर मला ऐकायचंय.