दंडावरचे अठरा ठिपके

तोक्योच्या निशी-कासाई भागात राहत असताना आमच्या सव्वा वर्षाच्या लेकीला कावासाकी आजार झाला. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते, पण वरवर सगळं साथीच्या तापासारखंच दिसतं. तिथले डॉक्टर दोन्हींतला फरक कसा ओळखतात ते जवळून पाहिलं. घरात लहान मूल असलेल्यांसाठी ते लिहून ठेवते आहे.

१. डोळे लाल झाले, तर कसे लाल झाले ते बघा. अ‍ॅडिनोव्हायरसच्या तापात डोळ्यांना बहुधा चिपडं येतात, घशात पांढरा थर धरतो. लेकीचे दोन्ही डोळे लालभडक, पण चिपडाचा पत्ता नाही. जीभ लाल, दाणेदार. तशी जीभ स्कार्लेट फीव्हरमध्येही होते. मात्र त्यात डोळे सहसा लाल होत नाहीत आणि योग्य अँटिबायोटिक सुरू केलं की एकदोन दिवसांत ताप ओसरू लागतो.

२. बीसीजीची खूण बघा. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. जपानमध्ये ही लस नऊ सुयांच्या ठशाने दंडावर दोन जागी देतात. लेकीचे ते अठरा ठिपके लालबुंद होऊन टरारले होते. डॉक्टरांनी बाही वर सरकवली, खुणेवरून हलकेच बोट फिरवलं आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहिली. साध्या विषाणूच्या तापात ही खूण अशी क्वचितच फुलते. कावासाकीच्या निदानाच्या २०१९ च्या सुधारित जपानी निकषांत तिची दखल आहे. आपल्याकडे ही लस जन्मतःच डाव्या दंडावर देतात. तापात तिथेही नजर टाकावी.

३. रोज फोटो काढा. ताप, डोळे, ओठ-जीभ, पुरळ, हातापायांची सूज, मानेतली गाठ या सहांपैकी पाच लक्षणं जमली की निदान होतं, पण ती एकदम दिसतीलच असं नाही. लेकीचं पुरळ सकाळी उठून संध्याकाळी मावळलं होतं. फोटोमुळेच ते डॉक्टरांना दाखवता आलं. लक्षणं कमी भरली तर रक्त आणि हृदयाचा इको बघून ठरवतात. या आजारावर शिक्कामोर्तब करणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. डॉ. तोमिसाकू कावासाकींनी १९६१ च्या जानेवारीत तोक्योच्या रेडक्रॉस हॉस्पिटलमध्ये पहिला रुग्ण पाहिला, तेव्हा त्याला निदान न होताच घरी सोडावं लागलं. पण ते नोंदी करत राहिले आणि १९६७ मध्ये ५० मुलांची लक्षणं प्रसिद्ध केली. ही चिकाटी मला फार थोर वाटते.

४. विषाणूची टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून कावासाकी बाद होत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

५. ताप हटत नसेल तर ‘व्हायरल असेल’ म्हणून थांबू नका, डॉक्टरांना कावासाकीबद्दल स्पष्ट विचारा. उपचार झाले नाहीत तर साधारण चारांतल्या एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगे येतात. यावरचं मुख्य औषध, इम्युनोग्लोब्युलिन, पहिल्या दहा दिवसांत, शक्यतो त्याहूनही लवकर मिळालं तर हा धोका पुष्कळ घटतो.

६. इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर आणि कांजिण्यांच्या लसी पुढे ढकलतात. जपानमध्ये साधारण सहा महिने. डिस्चार्जच्या वेळीच तारीख विचारून लसीकरणाच्या वहीत लिहून घ्या.