कागदावांचून हक्क
भामरागडच्या रानांत जमीन कसणाऱ्या ज्या माडिया बांधवांजवळ जुना कागद नाहीं, त्यांनीं निराश होऊं नये. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वयें 13 डिसेंबर 2005 पूर्वींपासून उपजीविकेसाठीं वनजमीन कसणाऱ्या आदिवासीस दावा करितां येतो. दावेदाराहून अन्य वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली साक्ष हाही पुरावा होय. एकच पुरावा पुरत नाहीं. म्हणून बांध, विहीर, घर अथवा स्मशान यांची खूण जोडावी. दाव्याचा नमुना विनामूल्य मिळतो; तो भरून ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यावा. ग्रामसभेचा ठराव प्रतिकूल झाल्यास 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागावी. संस्थेच्या अनुदानांतून वाटखर्च भागेल. परंतु म्हाताऱ्याचें माडिया बोलणें ऐकून मराठींत उतरून घेणारा आपणांतूनच निघाला पाहिजे. वाचकहो, आपणांस लिहितां येतें, हें शेजाऱ्याचें आपणांवर ऋणच आहे. तें आपण फेडूं या.