व्यवसायाची निवड : हिंदमाता परिसराचा धडा

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावच्या शाळांत आणि ग्रामपंचायतींच्या कचेऱ्यांत एकच प्रश्न विचारला जातो : मुलाने आता पुढे काय करावे? विचारणारा पालक शिक्षकांकडे येतो, सरपंचांकडे येतो, ओळखीच्या अधिकाऱ्याकडे येतो. त्याला मिळणारे उत्तरही बहुधा ठरलेले असते : ज्या कामाला आज पगार चांगला आहे, ते धरावे. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. ते किती अपुरे आहे, याची साक्ष मुंबईतील हिंदमाता परिसर देतो.

पक्क्या नोकरीची कहाणी

दादर आणि परळ यांच्या सीमेवर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर असलेला हा भाग हिंदमाता चित्रपटगृहाच्या नावाने ओळखला जातो. एका अंगास नायगाव, दुसऱ्या अंगास परळ आणि पुढे लालबाग. हा सारा गिरणगावाचा मुलूख होय. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथील त्या गिरणीत उत्पादन सुरू झाले. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोकणातून आणि घाटावरील सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून हजारो तरुण या भागात आले. गावकीच्या गाळ्यांत राहिले, खानावळीत जेवले आणि दरमहा गावी मनिऑर्डर पाठवीत राहिले. राज्यातील कित्येक गावांचा संसार या मनिऑर्डरीवर चालत होता.

गिरणीतील नोकरी ही त्या काळची 'पक्की नोकरी' होती. वेतन, महागाई भत्ता, बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी शेतमजुराला स्वप्नातही मिळत नसत. त्या येथे मिळत. म्हणूनच बापाच्या जागी मुलाला चिकटवून देण्याची धडपड घरोघरी चाले. मुलगा 'बदली' म्हणून रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. काम मिळाले तर दिवस भरे, नाही तर परत फिरावे लागे. तरीही उद्या नाव कायम होईल, या आशेवर अनेकांनी शाळा अर्ध्यावर सोडली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने शिकत राहण्याऐवजी साच्यावर उभे राहणे हा त्या वेळी व्यवहारी विचार मानला जाई.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. या संपाची अधिकृत समाप्ती कधीच जाहीर झाली नाही. अनेकांना कामावर परत घेतले गेले नाही, काही गिरण्या उघडल्याच नाहीत आणि उघडलेल्यांपैकी बहुतेक पुढील दोन दशकांत एकामागून एक बंद झाल्या. हिंदमाताजवळील टाटा मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे असल्याने बराच काळ चालू राहिली. तिचेही उत्पादन २०२० च्या टाळेबंदीत थांबले. संपाची कारणे आणि त्याचे परिणाम यांविषयी मतभेद आहेत व ते राहतील. परंतु व्यवसाय निवडणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट निर्विवाद आहे : जी नोकरी पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असे सर्वांनी धरले होते, ती एका पिढीच्या डोळ्यांदेखत संपली.

हातातील विद्या आणि दारातील नोकरी

नोकरी गेली, हा दोष कामगाराचा नव्हता. मात्र नोकरी गेल्यानंतर कोणाच्या हाती काय उरले, हे पाहण्यासारखे आहे. त्रासन खात्यात किंवा साच्यावर आयुष्य काढलेल्या कामगाराचे कौशल्य कमी प्रतीचे मुळीच नव्हते. पण ते गिरणीच्या यंत्राशी बांधलेले होते. गिरणीबाहेर त्याला भिवंडीच्या यंत्रमागाखेरीज फारसे गिऱ्हाईक नव्हते आणि तेथे वेतन व सवलती दोन्ही तोकड्या. म्हणून अनेकांना पहारेकरी व्हावे लागले, कोणी भाजीची टोपली घेऊन बसले, कोणी गावाकडे परतले. याउलट त्याच गिरणीतील फिटर, टर्नर, वीजतंत्री किंवा बॉयलर सांभाळणारा यांचे काम कोणत्याही कारखान्यात, इस्पितळात वा मोठ्या इमारतीत लागते. वय झालेल्यांना तेही सहज मिळाले नाही, हे खरे. तरीही त्यांच्यापुढे ठोठावण्यास दारे अधिक होती.

यातून निघणारा धडा साधा आहे. नोकरी ही मालकाच्या दारात असते; विद्या आपल्या हातात असते. दार बंद झाले तरी जी बरोबर नेता येते, तीच विद्या व्यवसायाचा पाया होय.

हाच धडा जवळच्या एका संस्थेच्या इतिहासातही दिसतो. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १८८७ मध्ये प्रामुख्याने गिरणी उद्योगाला लागणारे तंत्रज्ञ तयार करण्यासाठी निघाली. १९२३ मध्ये ती माटुंग्यास आली आणि १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. गिरण्या गेल्या, पण संस्था राहिली. कारण वस्त्रोद्योगाबरोबरच यंत्र, वीज, स्थापत्य आणि पुढे संगणक या शाखांचे शिक्षण ती देत गेली. एका उद्योगासाठी निघालेल्या संस्थेने मूलभूत शास्त्राची कास सोडली नाही, म्हणून ती टिकली.

आजूबाजूस पाहावे

पंधरा-वीस मिनिटे पायी चालले तरी या भागात रोजगाराची किती निरनिराळी क्षेत्रे आहेत, हे ध्यानात येते. परळला १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली आणि १९२५ पासून हाफकिन यांचे नाव धारण करणारी संस्था आहे. १९२६ मध्ये सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय आणि १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय येथेच आहेत. वाडिया यांची प्रसूती व बालरोग रुग्णालये आहेत, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गिरण्यांच्या भोंग्याच्या काळातही ही सर्व दारे उघडी होती. तरीही चाळीतील मुलाच्या डोळ्यांसमोर डॉक्टर आणि वॉर्डबॉय ही दोनच टोके असत. या दोहोंमध्ये परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, औषधनिर्माता, शस्त्रक्रियागृहातील साहाय्यक, वैद्यकीय उपकरणांची दुरुस्ती करणारा, रुग्णनोंदी सांभाळणारा असे कितीतरी प्रतिष्ठेचे व्यवसाय आहेत.

हिंदमाताचा कापडबाजार हेही असेच उदाहरण आहे. साड्या आणि कापड यांच्या या बाजारात केवळ विक्रेते नसतात. मालाची पारख करणारे, हिशेब ठेवणारे, शिवणकाम व नक्षीकाम करणारे, माल बाहेरगावी पाठविणारे, संगणकावर मागणी नोंदविणारे अशा अनेकांवर तो उभा असतो. आणि पावसाळ्यात याच हिंदमाताला पाणी तुंबते, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यावर उपाय म्हणून महापालिकेने २०२१ मध्ये प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदान येथे भूमिगत साठवण टाक्यांचे काम हाती घेतले. ते पाणी खेचणारे पंप चालविणारा व दुरुस्त करणारा कारागीर पावसाच्या त्या रात्री साऱ्या वस्तीच्या उपयोगी पडतो. कामातील समाधान म्हणतात ते यापेक्षा वेगळे नाही : आपल्या कौशल्यावाचून कोणाचे तरी अडते, याची जाणीव.

स्त्रियांच्या कामाकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचे काम 'घरकाम' समजले जाई आणि त्या सावकाराच्या कर्जात रुतलेल्या असत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. काम तेच होते. पण भांडवल, हिशेब आणि संघटना यांची जोड मिळताच त्याचा व्यवसाय झाला.

पगाराचा हिशेब कसा करावा

'चांगला पगार' हा पहिल्या महिन्याच्या आकड्यावरून ठरवू नये. समजा, एका तरुणास दुकानात दरमहा १४,००० रुपयांचे काम मिळते आहे आणि कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून ९,००० रुपये विद्यावेतन मिळणार आहे. दोन वर्षांत त्याचे १,२०,००० रुपयांचे नुकसान दिसते. परंतु प्रशिक्षणानंतर त्याला दुकानातील पगारापेक्षा ५,००० रुपये अधिक मिळू लागले, तर ते नुकसान पुढील दोन वर्षांत भरून निघते आणि त्यानंतरची सारी वर्षे नफ्याची. उलट, लाखो रुपये शुल्क घेणाऱ्या एखाद्या अभ्यासक्रमानंतर मिळणारे वेतन वाढत नसेल, तर तोच हिशेब तो अभ्यासक्रम टाळण्यास सांगतो. वेतनाबरोबर भविष्यनिर्वाह निधी, विमा, रजा आणि काम कंत्राटी की कायम, हेही विचारून घ्यावे. नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून तर दूरच राहावे.

आर्थिक अडचणीमुळे ज्याला लवकर कमवावे लागते, त्याची वाट संपली असे मानू नये. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेत थेट दुसऱ्या वर्षास आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये उद्योगात राहून विद्यावेतनासह शिकता येते. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रशाळांची परंपराही महाराष्ट्रात जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रशाळा चालविली, तर ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने परळसारख्या वस्तीत कामगारांसाठी रात्रीचे वर्ग आणि वाचनालये उभी केली.

पहिले काम हेच अखेरचे काम नसते, हे कवी नारायण सुर्वे यांच्या आयुष्यावरून दिसते. लहानपणी गिरणीत काम केलेले सुर्वे पुढे शाळेत शिपाई झाले, शिकून परीक्षा दिली आणि त्याच महापालिकेच्या शाळांत शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह १९६२ मध्ये आला आणि १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पोटाच्या कामाने त्यांना आवडीच्या कामापासून दूर नेले नाही, कारण त्यांनी शिकणे थांबविले नाही.

मार्गदर्शकांचे कर्तव्य

व्यवसाय मार्गदर्शन म्हणजे एक दिवसाचे भाषण नव्हे. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ मध्येच व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र सुरू केले होते. समाजाने आपल्या मुलांची चिंता संघटितपणे वाहावी, हा विचार त्यामागे होता. तो प्रत्येक गावास लागू पडतो.

शिक्षकांना आठवीपासूनच मुलाचा कल पाहता येईल. कोणाचा हात यंत्राकडे वळतो, कोण आजारी माणसाजवळ शांतपणे बसू शकतो, कोणाला हिशेबात गोडी आहे, याच्या साध्या नोंदी ठेवल्या तरी दहावीनंतर पालकाशी नेमके बोलता येते. पंचायत सदस्यांनी तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कोणते अभ्यासक्रम आहेत, प्रवेश केव्हा सुरू होतात, कोणती शिष्यवृत्ती मिळते, याचा फलक कचेरीत लावावा आणि मुलींच्या पालकांना तो मुद्दाम दाखवावा. अधिकाऱ्यांनी जवळच्या रुग्णालयात, कारखान्यात वा बाजार समितीत मुलांची एक भेट घडवून आणावी. काम प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याविषयीचे निम्मे गैरसमज दूर होतात.

सल्ला देताना मात्र प्रत्येक मुलास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हे काम दुसऱ्या गावी, दुसऱ्या मालकाकडे नेता येईल काय? दहा वर्षांनी यात आजच्यापेक्षा अधिक शिकलेले असू काय? आणि या कामाचा उपयोग कोणाला होतो, हे सांगता येईल काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर पहिला पगार थोडा कमी असला तरी ती निवड धरावी. गिरणीच्या दारात बदली म्हणून उभ्या राहिलेल्या मुलांना हे प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. आजच्या मुलांना ते विचारणारे कोणी तरी गावातच असले पाहिजे.