बाराशेचा दंड आणि त्यापुढचा हिशेब
रस्त्यावरच्या गोंधळाची केस झाली, तर जुळे सोलापूरकराला काय पडते?

आसरा चौकात गाडी लावण्यावरून हमरीतुमरी, अपार्टमेंटच्या गेटवर रात्री बारा वाजता वाढदिवसाचा दंगा, मिरवणुकीत पोलिसाशी हुज्जत. अशा प्रकरणांत गुन्हा छोटा असतो, पण घरातले घाबरतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "किती पैसे लागतील?" दंडाची रक्कम कायद्यात लिहिलेली आहे आणि ती फार मोठी नाही. खरा खर्च पडतो तो घाईत दिलेल्या कबुलीचा.

आधी कलम बघा

जुळे सोलापूरचा बराचसा भाग विजापूर नाका पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो. तिथून मिळालेल्या कागदावर कोणते कलम आहे, यावर पुढचे सगळे ठरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, त्यामुळे जुने आकडे लक्षात ठेवून उपयोग नाही.

- महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम ११० किंवा ११२, सोबत ११७: सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन, किंवा शांतताभंग व्हावा म्हणून केलेली शिवीगाळ. कैद नाही, दंड १,२०० रुपयांपर्यंत.
- न्याय संहिता, कलम ३५५: दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन. २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याऐवजी न्यायालय समाजसेवाही सांगू शकते, तिचा मोबदला मिळत नाही.
- कलम १९४: दोघांनी किंवा अधिक जणांनी रस्त्यावर मारामारी करून शांतता बिघडवणे. एक महिन्यापर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
- कलम ३५२: भांडण पेटावे म्हणून हेतुपुरस्सर अपमान. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

दारूच्या प्रकरणात महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाचे कलम ८५ लागले असेल, तर त्यातही कैदेची तरतूद आहे. तेव्हा "दारूचीच तर केस" म्हणून सोडून देऊ नका.

कागदावर "एन.सी." असेल, तर ती अदखलपात्र नोंद आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. समोरच्याने एन.सी. दिली म्हणजे तुमच्यावर खटला उभा राहिला, असे नव्हे.

ठाण्यात: जामीन म्हणजे फी नव्हे

११७ खालचा गुन्हा पोलिसासमोर घडला, तर तो वॉरंटशिवाय अटक करू शकतो. मात्र गुन्हा जामीनपात्र असेल, तर जामीन हा तुमचा हक्क आहे आणि ठाण्यातूनच सुटता येते. "पंधरा हजारांचा जामीन" याचा अर्थ पंधरा हजार भरा असा होत नाही. तारखेला हजर राहिला नाहीत, तर तेवढी रक्कम वसूल होऊ शकते, अशी ती हमी असते. जामीनदार घरातला किंवा ओळखीचा बघा. त्याचे ओळखपत्र, घरपट्टीची पावती किंवा सातबारा जवळ ठेवा. आवाराबाहेर पैसे घेऊन उभा राहणारा भाडोत्री जामीनदार नको, त्याचे कागद खोटे निघाले तर नवी केस मागे लागते. जामीनदार मिळतच नसेल, तर गरीब आरोपीला वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे.

अटक केलेल्याला २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेणे बंधनकारक आहे. कोठडी ४८ तासांहून जास्त झाली, तर राज्य सरकारी कर्मचारी नियमानुसार निलंबित मानला जातो. सरकारी नोकराने म्हणूनच पहिल्या दिवशीच वकील गाठावा.

चॅप्टर केस वेगळी

पुन्हा भांडण होईल असे पोलिसांना वाटले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १२६ खाली नोटीस येते. हे प्रकरण नेहमीच्या न्यायालयात न चालता विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालते. ही शिक्षा नाही, एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचे बंधपत्र मागतात. मुदतीत परत गोंधळ केलात, तर बंधपत्राची रक्कम जप्त होऊ शकते.

कोर्टात: तीन वाटा

कबुली. फक्त दंडाच्या किरकोळ गुन्ह्यात समन्सवर दंडाची रक्कम लिहून येऊ शकते. कबुली आणि पैसे पाठवले की हजर न राहताही प्रकरण संपते. ही वाट सर्वांत स्वस्त दिसते. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. त्यानंतर "मी केलेच नव्हते" म्हणून अपील करता येत नाही, फार तर शिक्षेबद्दल दाद मागता येते. उद्या नोकरीच्या अर्जात "शिक्षा झाली आहे का?" या रकान्यात "नाही" लिहिता येणार नाही.

तडजोड. अपमान (३५२) आणि साधी दुखापत (११५ (२)) ही प्रकरणे फिर्यादीच्या संमतीने मिटवता येतात आणि तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच असतो. सार्वजनिक मारामारी किंवा ११०-११७ ची केस मात्र शेजाऱ्याने माफ केले म्हणून मिटत नाही.

लढणे. इथे तारखा पडतात, पण काही वेळा कायदाच मदत करतो. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी लागते. कागदावरची तारीख वकिलाला जरूर दाखवा.

गुन्हा मान्य असेल आणि तो पहिलाच असेल, तर परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली ताकीद देऊन सोडण्याची विनंती करता येते. त्या कायद्याच्या कलम १२ मुळे अशा दोषसिद्धीतून येणारी अपात्रता टळते. कबुली देण्यापूर्वी वकिलाला हे विचाराच, अनेकदा कुणी आपणहून सांगत नाही.

खर्चाची यादी

- दंड: पावती घ्या आणि जपून ठेवा. न भरल्यास, फक्त दंडाच्या गुन्ह्यातही दोन महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते.
- वकील: फी ठरलेली नसते. तारखेमागे की पूर्ण केसची, जामिनाचे धरून की वेगळे, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी ठरवा.
- मोफत वकील: महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि ३ लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. हेल्पलाइन १५१००.
- कागदपत्रे: दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मोफत मिळते. पुढची तारीख ई-कोर्ट्स ॲपवर फुकट दिसते.
- बुडालेली रोजी: कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याला हा खर्च दंडापेक्षा जड जातो. न येण्यासारखे कारण असेल, तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज आधी द्या. न सांगता गैरहजर राहिलात, तर वॉरंट निघते.
- पासपोर्ट: खटला प्रलंबित असताना अर्ज अडू शकतो, न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

"साहेबांना सांगून मिटवतो" म्हणणाऱ्याला दिलेल्या पैशांची पावती मिळत नाही आणि तारीखही टळत नाही. तेच पैसे पहिल्या तारखेआधी वकिलाच्या एका सल्ल्यावर घाला. त्याला दोनच गोष्टी विचारा: या कलमात तडजोड होते का, आणि कबुली दिली तर माझ्या नावावर काय राहील?