खेळाचा तास

शाळेत खेळाचा तास असतो. मुले मैदानावर धावतात, उड्या मारतात. ते पाहून एखादा बाप म्हणतो, "उड्या मारायला शाळा कशाला? पोरगं घरी राहिलं असतं, तर शेळ्या तरी राखल्या असत्या!" आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. हे बोल पुष्कळदा ऐकले. म्हणून या तासाविषयी चार गोष्टी सांगतो.

तुम्ही नुकतेच लिहायला शिकलात. पहिला दिवस आठवतो ना? अक्षर डोळ्यांना दिसत होते, पण हात ऐकत नव्हता. रोज गिरवले, तेव्हा हात वळला. धावणे, उडी मारणे, फेकणे, झेलणे, तोल सांभाळणे यांचेही तसेच आहे. वय वाढले म्हणून ही कसबे पुरती येत नाहीत. ती शिकावी लागतात, घोटावी लागतात.

शिक्षक ती कशी शिकवतात? झेल घेणे पाहा. चेंडू आला की लहान मूल डोळे मिटते, तोंड फिरवते. शिक्षक रागावत नाहीत. आधी चेंडू जमिनीवरून घरंगळत देतात. मग चिंध्यांचा मोठा चेंडू जवळून हलकेच टाकतात. "नजर चेंडूवर ठेव, हात पुढे कर," एवढेच सांगतात. भीती गेली की अंतर वाढवतात, चेंडू लहान करतात. उडी मारताना सांगतात, "खाली येताना गुडघे वाकव." गुडघे ताठ राहिले तर अंगाला दणका बसतो.

आपल्या खेळांतही हे शिक्षण आहे. लंगडीने एका पायावर तोल येतो. खो-खोमध्ये आठ गडी ओळीने बसतात. शेजारच्या दोघांची तोंडे उलट दिशांना असतात. खो मिळाला की झटकन उठायचे. एकदा दिशा धरली की मध्येच मागे फिरायचे नाही. कान, डोळे, पाय एकदम कामाला लागतात. लेझीम खेळताना हातपाय तालावर जुळतात.

जे मूल मागे पडते, त्याला चांगला शिक्षक बाजूला बसवत नाही. त्यालाच सरावाची जास्त गरज असते.

कोणी म्हणेल, "आमची पोरगी घरी पाणी भरते, भावंड सांभाळते. तिला खेळ कशाला?" पण कामात अंग एकाच तऱ्हेने वाकते. खेळात ते सगळ्या बाजूंनी वळते, चपळ होते. वर मन मोकळे होते ते वेगळेच. मुलगा असो वा मुलगी, ५ ते १७ वर्षांच्या मुलांच्या अंगाला रोज सरासरी ६० मिनिटे तरी चांगली हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे.

तेव्हा खेळाच्या तासाला मुलांना घरी ठेवू नका. मुलींना तर मुळीच नको.

प्रश्न
१. झेल शिकवताना शिक्षक आधी काय करतात?
२. तुमची मुलगी आज किती वेळ खेळली?