मतदारसंघ फुगला, म्हणून दावा लावता येतो?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतो. इथली वस्ती झपाट्याने वाढली असून विधिमंडळाचा आमचा मतदारसंघ शेजारच्यापेक्षा बराच मोठा झालाय. आमच्या मताची किंमत घटली ना? न्यायालयात जाता येईल? मी ग्रीन कार्डधारक आहे, मुलगी नागरिक आहे.
– एक वाचक

उत्तर : शंका रास्त आहे, पण नुसत्या वाढीने मतदारसंघ बेकायदा ठरत नाही. समानता जनगणनेवर मोजतात, आणि २०२०चे आकडे पुढच्या फेररचनेपर्यंत ग्राह्य असतात. तेव्हाची टेक्सास प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांची सरासरी लोकसंख्या होती १,९४,३०३. आधी तुमच्या मतदारसंघाचा तेव्हाचा आकडा तिच्याशी ताडून पाहा.

समान लोकसंख्येच्या मतदारसंघाचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४च्या ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ निकालाने पक्का केला. अलाबामात सहा लाखांवर वस्तीच्या जेफर्सन काउंटीला एक सिनेटर, आणि जेमतेम पंधरा हजारांच्या लाउंड्सलाही एकच! असा अन्याय आता टिकत नाही. सर्वांत मोठ्या आणि लहान मतदारसंघांतली तफावत दहा टक्क्यांच्या आत असली, तर ती सहसा किरकोळ मानतात. पण हेतू पक्षपाती असेल तर तेवढीही चालत नाही. जॉर्जियाचे नकाशे २००४मध्ये असेच रद्द झाले.

मुलगी मतदार म्हणून फेडरल न्यायालयात दाद मागू शकते. आधी निवडणूक कायद्याच्या वकिलाला भेटा. तुम्हीही लोकसंख्येत मोजले गेला आहात. सर्व रहिवासी मोजण्याची टेक्सासची ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये वैध ठरवली. मात्र तुम्ही अजून नागरिक नाही, म्हणून मतदार नोंदणीच्या अर्जावर चुकूनही सही करू नका. पुढे नागरिकत्व मिळणे अडचणीत येईल.