नवी फाइल कोणती, हे प्रोग्रामला कळतं का?

आमच्या वाचनालयाची वेबसाइट आम्ही दोघं सांभाळतो. ग्रंथपाल बाई विंडोजवर काम करतात, मी उबंटूवर. फाइली सर्व्हरवर चढवायला त्या वापरतात ते विनएससीपी लिनक्ससाठी निघत नाही, म्हणून मी दिसायला सुटसुटीत आणि चालायला हलका असा एक दुसरा प्रोग्राम घेतला होता. त्याचं नाव सांगत नाही, कारण खरी गोम फाइली पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीतच होती.

एका उन्हाळी रविवारी सकाळी 11 वाजता नव्या पुस्तकांच्या पानात मी दोन ओळी बदलल्या आणि फाइल माझ्याकडेच ठेवली. बाईंनी दुपारी 4 वाजता त्याच पानावर पूर्ण यादी चढवली. मला त्याचा पत्ता नव्हता. संध्याकाळी मी फोल्डर पाठवताना ‘आपली फाइल नवी असेल तरच बदला’ हा सावध पर्याय निवडला, तरीही बाईंची यादी पुसली गेली. सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. आपले दुपारचे 4 म्हणजे तिथले सकाळचे 6:30. प्रोग्रामने ती वेळ भारतीयच धरली आणि माझी 11 वाजताची फाइल नवी ठरवली.

एफटीपीचं मूळ प्रमाण 1985 चं. फाइलींची यादी कशा स्वरूपात द्यायची, हे त्यात ठरवलेलंच नाही. म्हणून बरेच सर्व्हर आपल्या घड्याळातली वेळ देतात आणि ती कुठली आहे ते सांगत नाहीत. पुढे 2007 मध्ये यूटीसी वेळ देणारी आज्ञा प्रमाणात आली. पण ती सर्व्हरला आणि प्रोग्रामला, दोघांनाही यावी लागते. एसएफटीपी या सुरक्षित पद्धतीत हा घोळ नाही, तिथे वेळ 1970 पासूनच्या सेकंदांत येते. शिवाय साध्या एफटीपीवर पासवर्ड उघडा जातो. तेव्हा होस्टिंगवाल्याकडे आधी एसएफटीपी मागा, प्रोग्रामचं नंतर बघू.

मी आता फाइलझिला वापरतो. रूप जुनाट आहे, पण फाइल आधीच असेल तर दोन्हींचा आकार आणि तारीख समोरासमोर दाखवून मग विचारतं. दोन्हीकडचे फोल्डर ताडून फरक रंगाने दाखवतं. एफटीपीशिवाय गत्यंतर नसेल, तर साइट मॅनेजरमध्ये सर्व्हरच्या वेळेतला फरक तास-मिनिटांत भरता येतो. आपल्या साडेपाच तासांच्या देशात ती मिनिटं फार कामाची. मूळ तारीख जपण्याचा पर्याय मात्र ट्रान्सफर मेनूत जाऊन चालू करा, नाहीतर चढवलेल्या फाइलवर चढवण्याची वेळ पडते आणि तुलना पुन्हा फसते. मास्टर पासवर्डही लावा. तो नसेल, तर साठवलेले पासवर्ड तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइलीतून कुणालाही सहज काढता येतात.

केडीई वापरणाऱ्यांनी क्रुसेडर जरूर पाहावा. त्याचा सिंक्रोनायझर काय पाठवणार, काय पुसणार हे आधी दाखवतो. मोठ्या साइटला मला तोच बरा वाटतो. डॉल्फिन किंवा ग्नोमच्या फाइल्समधूनही एसएफटीपीचा पत्ता टाकून सर्व्हर उघडता येतो. एखादं चित्र टाकायला ते पुरेसं आहे. पण तिथे फाइल उघडून सेव्ह केली की बदल थेट चालू साइटवर जातो, अर्धवट वाक्यासकट.

निवडण्यापूर्वी सर्व्हरवर एक रिकामा फोल्डर करा. देवनागरी नावाची फाइल, टिंबाने सुरू होणारी फाइल (डॉट-एचटीअ‍ॅक्सेससारखी, पुष्कळ प्रोग्राम ती दाखवतच नाहीत) आणि एक मोठी पीडीएफ पाठवा. पीडीएफ निम्म्यावर असताना वायफाय बंद करा. परत जोडल्यावर प्रोग्राम उरलेला भाग पाठवायचा का विचारतो, पहिल्यापासून सुरू करतो, की अर्धीच फाइल पूर्ण मानून गप्प बसतो, ते बघा. तिसरा प्रकार दिसला तर तो प्रोग्राम तिथल्या तिथे काढून टाका.